फालशाच्या गारीगाराची माफी

मी न केलेल्या गोष्टीची माफी माझ्या नवऱ्याने मागितली, आणि मला विचारलंसुद्धा नाही. दुकानातून जिना चढून वर यायला ह्यांना बारा पायऱ्या लागतात. तेवढ्या चढून येऊन विचारलं असतं तरी चाललं असतं. पण खालीच उभं राहून मंडळाच्या ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या आणि मोकळे झाले. "आमच्याकडून चूक झाली. सर्वांनी मोठ्या मनाने माफ करावे." खाली हात जोडल्याची तीन चित्रं. मुलीने मला ते वाचून दाखवलं, मग मी फोन हातात घेऊन स्वतः वाचलं. "आमच्याकडून" म्हणजे कुणाकडून? ह्यांनी त्या कामात चमचासुद्धा धरला नव्हता. म्हणजे माझ्याकडून.

तेव्हापासून डोकं तापलेलं आहे. भाकरी थापताना, कपडे पिळताना, सगळ्यात तेच. बोलायला मला जमत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहून काढते.

आम्ही लखनौच्या चौक भागात राहतो. खाली ह्यांचं गलाईचं दुकान, म्हणजे लोकांचे जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करून देण्याचं काम. वर आमच्या दोन खोल्या. आमच्या सांगलीकडची कितीतरी घरं ह्याच कामासाठी देशभर गेली आहेत. माझे सासरे इथे आले, मग हे आले, आणि लग्न होऊन मी आले. मुलगी इथेच जन्मली. आता ती बारा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते.

मे महिन्यात इथे लू सुटते. सकाळी दहानंतर खिडकी उघडली की भट्टीचं तोंड उघडल्यासारखं होतं, आणि आमच्या खाली तर खरीच भट्टी आहे. अशा वेळी मी गारीगार करते. इथे कुणी त्याला चुस्की म्हणतं, कुणी बर्फ. आमच्या गावाकडे गारीगारच. मुलगी लहान असताना बाहेरची चुस्की खाऊन एकदा फार आजारी पडली होती, तेव्हापासून मी घरीच करायला लागले.

कैरीचं करते, लिंबाचं करते, पण इथे आल्यावर मला फालसे मिळाले. गावाकडे मी कधी पाहिले नव्हते. करवंदापेक्षा लहान, जांभळट, आंबटगोड फळ. हातगाडीवाला सकाळी सातलाच गल्लीत येतो आणि उन्हं चढली की संपलेले असतात, कारण टिकत नाहीत. फालसे धुवायचे, साखर आणि काळं मीठ घालून तासभर झाकून ठेवायचे, मग हाताने कुस्करायचे. मिक्सरमध्ये घातले तर बी फुटते आणि तुरट होतं. पंच्याच्या फडक्यातून गाळायचं. पाणी उकळून गार केलेलंच घालायचं, चौकातल्या नळाचा मला भरवसा नाही. साखर जास्त झाली तर गोठतच नाही, कमी झाली तर दगड होतो, दात लागत नाही. ते प्रमाण मी जिभेवर ओळखते. अरुंद स्टीलचे पेले आहेत माझ्याकडे, हळदीकुंकवात आलेले. त्यात ओतायचं. जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोन कापून मधे चीर पाडून ठेवलेत, तो चौकोन पेल्यावर ठेवून चिरेतून काडी घालायची, म्हणजे काडी उभी राहते. माझ्या फ्रीझरमध्ये एका खेपेला अकरा पेले बसतात.

आणि प्रत्येक खेपेतलं एक मी बाजूला काढून ठेवते. ही सवय दुकानातली. कुणाचंही सोनं गाळलं, की त्यातला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कागदात बांधून ठेवायचा ही आमच्याकडची रीत. गिऱ्हाईक माल घेऊन गेलं आणि चार दिवसांनी भांडायला आलं, की पुडी सोडायची आणि त्याच्यासमोर टंच काढायचा, म्हणजे शुद्धता तपासायची. सासरे होते तोवर त्या पुड्या मी बांधायचे. तिथून ती सवय स्वयंपाकघरात आली. लोणच्याच्या प्रत्येक बरणीतली फोड वाटीत वेगळी, प्रत्येक लाटणीतला एक पापड वेगळा. हे हसायचे. गावाहून कुणी आलं की सांगायचे, "आमच्या मंडळींची बी गलाई चालू हाय वर."

लखनौत मराठी माणसांचं एक मंडळ आहे. बँकेतले साहेब, संशोधन करणारे, कॉलेजात शिकवणारे. आमच्यासारखी गलाईची घरंही आहेत, पण ती गणपतीत वर्गणी द्यायला आणि पंगतीत वाढायला. उन्हाळ्यात दर रविवारी मुलांना मराठी शिकवायचा वर्ग असतो, महानगर नावाच्या वस्तीत एका बाईंच्या घरी. त्यांचे यजमान बँकेत मोठ्या जागेवर आहेत. मंडळाचं सगळं त्याच बघतात. सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणते.

एका रविवारी मुलीला घ्यायला गेले तेव्हा त्या दारातच म्हणाल्या, "अहो वहिनी, तुमची लेक सांगत होती, तुम्ही काहीतरी मस्त करता. काय बाई ते, गारी..."

"गारीगार."

"हां, तेच! आम्ही पुण्यात आइसफ्रूट म्हणायचो. पण किती गोड शब्द आहे हो. अगदी मातीतला!"

बाकीच्या बायका हसल्या. मीही हसले. आता आठवलं की माझ्या त्या हसण्याचाच मला राग येतो.

"पुढच्या रविवारी एक पाहुणे येणार आहेत, मुलांचा कार्यक्रम आहे. चाळीस होतील का? झेपेल ना? नाहीतर मी बाहेरून मागवते."

"झेपेल," मी म्हणाले.

शुक्रवारी पहाटे सुरुवात केली. चार खेपा म्हणजे चव्वेचाळीस. मधे दोनदा लाइट गेली, तेव्हा फ्रिजचं दार कुणी उघडू नये म्हणून मी त्याला टेकून बसून भाजी निवडली. प्रत्येक खेप निघाली की पेले पाण्यात बुडवून गारीगार सोडवायची, बटर पेपरात गुंडाळायची, आणि पुन्हा आत. चार बाजूला काढून स्टीलच्या डब्यात ठेवली. बरोबर चाळीस उरली. हात मनगटापर्यंत जांभळे झाले होते. रविवारी सकाळी औषधाच्या दुकानातून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यात ती रचली, घरातला सगळा बर्फ भोवती घातला, वर घोंगडी. मी आणि मुलगी इ-रिक्षाने महानगरला गेलो, खोकं मांडीवर घेऊन.

ताईंनी दार उघडलं. मी म्हटलं, "ताई, हे फ्रिजमध्ये..."

"अहो, फ्रिजमध्ये अजिबात जागा नाही. आज संध्याकाळी ह्यांच्या ऑफिसचे लोक जेवायला आहेत. गॅलरीत ठेवा, तिथे छान सावली आहे."

नऊ वाजता सावली होती. पाहुणे साडेदहाला यायचे ते साडेअकराला आले. मग त्यांचं भाषण. आपली भाषा कशी जपली पाहिजे, घरात मुलांशी कसं बोललं पाहिजे. मी मागे खुर्चीवर बसून गॅलरीकडे बघत होते. ऊन सरकत सरकत खोक्यापर्यंत आलं, मग खोक्यावर चढलं. उठून आत सरकवायला दोन मिनिटं लागली असती. पण मधून उठायचं, खुर्ची वाजणार, सगळे वळून बघणार. मी बसून राहिले. साडेबाराला खोकं उघडलं तर काड्या आडव्या झाल्या होत्या आणि तळाशी जांभळं पाणी.

"अरे बापरे! वहिनी, हे तर विरघळलं की सगळं!" ताई म्हणाल्या. मोठ्याने म्हणाल्या. "असू दे, असू दे. मी करते काहीतरी. मी आहे ना."

त्यांनी ड्रायव्हरला पाठवलं. तो पंधरा मिनिटांत बर्फाच्या लादीचा मोठा तुकडा घेऊन आला, गोणपाटात गुंडाळलेला. ताई मला म्हणाल्या, "तुम्ही मुलांना रांगेत बसवा, मी बघते." मी वळले, पण वळायच्या आधी मला दिसलं. गोणपाट ओलं, त्याला पेंढा चिकटलेला, आणि बर्फाच्या पोटात काळी रेघ. चौकात राहणाऱ्या कुणालाही तो बर्फ ओळखू येतो. तो मासळीखाली घालतात. घरात माणूस गेलं आणि नातेवाईक यायचे असले की त्याच्या अंगाखाली घालतात. तोंडात घालत नाहीत.

मला बोलायचं होतं. "ताई, हा बर्फ खायचा नाही." एवढंच वाक्य. मी ते मनात दोनदा म्हटलं. तोवर आतून बर्फ ठेचल्याचा आवाज यायला लागला. त्यांनी तो चुरा कागदी पेल्यांत भरून वर माझं जांभळं पाणी ओतलं आणि ट्रे घेऊन बाहेर आल्या. "चला चला! वहिनींच्या हातचा गोळा!"

मुलांनी ट्रेवर झडप घातली. "आंटी, और!" म्हणून दुसऱ्यांदा मागितलं. आणि आता जे लिहिते ते लिहायला मला सगळ्यात जड जातं. माझी मुलगी पेला घ्यायला उठली तेव्हा मी तिला डोळ्यांनी खुणावलं. नको. ती बसली. माझ्या मुलीला मी वाचवलं, आणि दुसऱ्यांची पोरं माझ्यासमोर तो बर्फ खात होती.

सोमवारी ग्रुपवर मेसेज यायला लागले. कुणाला उलट्या, कुणाला जुलाब. मंगळवारपर्यंत नऊ मुलं आजारी होती. एका मुलीला दवाखान्यात ठेवून सलाइन लावावं लागलं.  माझ्या मुलीकडून सारखा फोन मागून घेत होते, दवाखान्यातली ती पोर बरी आहे का बघायला. बुधवारी ती घरी आली असं कळलं तेव्हा मी देवाजवळ दिवा लावला.

आणि त्याच बुधवारी ताईंचा मेसेज आला. मी तो पाठ केलाय. "घरगुती पदार्थ मागवताना यापुढे आपण काळजी घेऊ. भावना चांगली असली तरी स्वच्छतेचे नियम सगळ्यांना माहीत असतातच असे नाही. काहींच्या घरी केमिकलचे काम असते, याचाही विचार व्हायला हवा." त्याखाली एकीने लिहिलं, "त्यांची स्वतःची मुलगी मात्र ठणठणीत आहे म्हणे." त्याखाली कुणीतरी डोळे मोठे केलेलं तोंड टाकलं.

केमिकलचं काम. सोनं शुद्ध करायला तेजाब, म्हणजे ॲसिड, लागतं, ते खाली दुकानात, लोखंडी दाराच्या आत असतं. दुकानातलं भांडं वर येत नाही, ह्यांचे दुकानातले कपडेसुद्धा मी वेगळ्या बादलीत धुते.  आता हे वर येतील, मी सांगेन, हे विचारतील कुठला बर्फ, कुणी आणला. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं.

तोवर ह्यांनी माफी मागून टाकली होती.

जेवायला वर आले तेव्हा मी ताट वाढलं नाही. "तुम्ही माफी कशापायी मागितली?"

"मग काय करायचं? पोरं आजारी पडल्यात."

"माझ्या गारीगारानं पडली?"

"अगं, कशानं का पडंनात. ती मोठी माणसं हायत. बँकेत काम पडतं, पोरीच्या शाळंला चिठ्ठी लागती. दोन शब्द लिहिलं, मिटलं. आपलं काय गेलं?"

आपलं काय गेलं. मी फ्रीझर उघडला, स्टीलचा डबा काढला आणि ह्यांच्यासमोर आदळला. झाकण उघडलं. चार गारीगारं, चार खेपांची, बटर पेपरात.

"हे काय?"

"नमुना. काढा टंच."

"खुळ्यागत करू नकोस."

"परक्या माणसाच्या सोन्याचा कण तुम्ही पुडीत बांधून ठेवता. तो भांडायला आला तर त्याच्यासमोर तपासता, त्याच्याआधी 'चुकलं' म्हणत न्हाई. आजवर कुणाला म्हटलाय? माझी पुडी इथं होती, तुमच्याच घरात. दार उघडून बघितलं न्हाई तुम्ही."

 आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांच्याशी एवढं सलग बोलले असेन. मी एक कागद सोडला आणि उभ्याउभ्या ते गारीगार खाल्लं. दुसरं मुलीने उचललं. मी नको म्हणायच्या आत तिने अर्धं संपवलं. तिसरं ह्यांच्या हातात दिलं. "खावा." ह्यांनी खाल्लं. आंबट तोंड करून, पण काडीपर्यंत खाल्लं. दुसऱ्या दिवशी तिघांपैकी कुणालाही काही झालं नाही.

"झालं समाधान?" मी सकाळी विचारलं.

"माझं कवाच झालं होतं. तू केलेलं खराब नसतंय, मला काय ठाव न्हाई?"

हे ऐकून तर माझा राग दुप्पट झाला. ह्यांना माहीत होतं. माहीत असून लिहिलं.

"मग आता लिहा तसं."

"आता पुन्हा उकरून काढू नकोस गं. विसरत्यात लोक."

लोक विसरले नाहीत. शनिवारी मुलगी महानगरशेजारच्या अलीगंजमधल्या मैत्रिणीकडून आली ती दप्तर फेकून पलंगावर पडली. ती मैत्रीणही मराठी वर्गातलीच.  मुलगी उशीत तोंड घालून म्हणाली, "मम्मी, सब मुझे तेजाब बोल रहे हैं."

"कोण?"

"सब. मुझे अब संडे को नहीं जाना."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला. "आप कुछ बोलती क्यों नहीं हो? आपने देखा था न वो बर्फ? मुझे तो इशारा किया था!"

तिला सगळं कळलं होतं. आठवडाभर तिने ते पोटात ठेवलं होतं.

रविवारी सकाळी मी साडी बदलली आणि एकटीच निघाले. हे म्हणाले, "कुठं?" मी म्हटलं, "महानगरला." हे दुकानाच्या दारात उभे राहिले, पण अडवलं नाही. सोबतही आले नाहीत. इ-रिक्षात मी माझं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. बर्फ तुम्ही आणला होता. बर्फ तुम्ही आणला होता. शेजारी बसलेली बाई माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा कळलं की ओठ हलतायत.

वर्ग त्या दिवशी बंद होता. ताई एकट्याच होत्या. "अगंबाई, वहिनी! या ना. अहो, मनात काही ठेवू नका हं. तुमच्या यजमानांनी किती छान लिहिलं. विषय संपला आमच्याकडून."

मी बसले नाही. "बर्फ तुम्ही आणला होता," मी म्हणाले. आवाज एवढा बारीक निघाला की त्यांनी "काय?" विचारलं. मग मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने. "बर्फ तुम्ही आणला होता. गोणपाटातला. तो खायचा नसतो."

त्यांचा चेहरा बदलला. "असं काय करता? बर्फ तो बर्फ. बाजारात सगळेच तो वापरतात."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. त्यांच्याकडे काम करणारी बाई हात पुसत दारात आली. "दीदी, हमने तो उसी दिन कहा था न, ये मछली वाली बरफ है, बच्चों को मत दो।"

"तुम जाकर बर्तन देखो।"

ती गेली. मला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. धुणीभांडी करणारी ती बाई बोलली होती. नोकरी जायची भीती तिला, तरी बोलली होती. मला कसली भीती होती? खुर्ची वाजेल ह्याची?

ताई माझ्याकडे वळल्या. आता आवाज गोड नव्हता. "आणि तुम्हाला एवढं माहीत होतं, तर तेव्हा का नाही बोललात? स्वतःच्या मुलीला दिलं नाहीत तुम्ही. मी बघितलं होतं. आमची मुलं खात होती तेव्हा गप्प बसलात, आणि आज मला जाब विचारायला आलात?"

हे त्या म्हणणार हे मला माहीत होतं. रात्रंदिवस मी स्वतःला तेच म्हणत होते. तरी ऐकताना कानशिलात मारल्यासारखं झालं. मला रडायला आलं, आणि रडायला आलं ह्याचाच संताप आला.

"हो," मी म्हणाले. "ते माझं चुकलं. त्याची माफी मी मागणार आहे, सगळ्यांसमोर. पण तेवढीच मागणार. गारीगार माझं चांगलं होतं. केमिकलचं तुम्ही लिहिलं ते खोटं होतं. तुमचं तुम्ही लिहा, माझं मी लिहिते."

"बरं बाई, लिहिते काहीतरी."

"आत्ता लिहा."

त्यांनी कपाळाला आठ्या घालून फोन घेतला आणि झरझर लिहायला लागल्या. मी वाकून बघितलं. इंग्रजीत होतं.

"मराठीत लिहा ताई. मला वाचता येतं मराठी."

त्या थांबल्या. मग एकेक अक्षर शोधत लिहिलं. "त्या दिवशीचा बर्फ मी बाहेरून मागवला होता. कदाचित त्यामुळे मुलांना त्रास झाला असावा. गारीगारमुळे नाही. केमिकलचा उल्लेख करायला नको होता." मी सावकाश वाचलं, दोनदा.

"कदाचित काढा."

"वहिनी, आता पुरे."

ते कदाचित तसंच राहिलं. अजूनही मला ते ताटातल्या खड्यासारखं लागतं. पण बाकीचं होतं. मी पाणीही न पिता निघाले.

घरी येऊन मुलीचा फोन घेतला. ती म्हणाली, "आप बोलो, मैं टाइप कर देती हूँ." मी नको म्हटलं. अर्धा तास लागला. लिहिलं ते असं: "तो बर्फ खराब आहे हे मला दिसले होते. मी माझ्या मुलीला खाऊ दिला नाही पण बाकीच्या मुलांना थांबवले नाही. ही माझी चूक. जी मुले आजारी पडली त्यांच्या आईवडिलांची मी माफी मागते. गारीगार मी स्वच्छ केले होते." पाठवलं आणि फोन पालथा ठेवला. मी जमिनीवर बसले.

 तासाभराने कुणीतरी गुलाबाच्या फुलांचं चित्र टाकलं, त्यावर शुभ रविवार. मग जिच्या मुलीला सलाइन लावलं होतं, तिने लिहिलं, "तेव्हा सांगायला हवं होतंत." बस, एवढंच. तिचं खरं आहे.  माझ्या मुलीने ते वाचलं, शेजारी येऊन बसली, आणि हिंदीत का होईना म्हणाली, "अगले संडे देखते हैं." जाईल की नाही माहीत नाही. मी जोर करणार नाही.

संध्याकाळी हे दुकान बंद करून वर आले. फोन हातातच होता. "येड लागलंय का तुला? सगळ्यांसमोर कबूल केलंस? मी सगळं मिटवलं होतं. आता कुठल्या तोंडानं जायचं मंडळात?"

"जे केलं ते कबूल केलं. तुम्ही न केलेलं केलं."

"म्हंजे?"

"म्हंजे तुमची माफी अजून तिथं वर तशीच हाय. ती चुकीची होती, एवढं खाली लिहा."

"आता कशाला? तू लिहिलंस, त्या बाईनं लिहिलं. झालं की."

"तुम्ही न्हाई लिहिलं."

 ह्यांनी हात धुतले, पाटावर बसले. मी ताट वाढलं. त्याला आता अकरा दिवस झाले. बाकीचं सगळं नेहमीसारखं चालू आहे. मी डबा देते, कपडे वेगळ्या बादलीत धुते, गावाहून फोन आला की दोघं बोलतो. पण रोज रात्री नाही, रोज सकाळीही नाही, फक्त दुपारी हे जेवायला वर येतात तेव्हा, पहिला घास घ्यायच्या आत मी विचारते.

"लिहिलं का?"

"जेवू दे की गं."

"जेवा. लिहिलं का तेवढं सांगा."

काल हे भाकरी मोडता मोडता थांबले. म्हणाले, "काय लिहू, ते तरी सांग."

"ते तुम्हाला सुचंल. माफी मागताना मला विचारलं नव्हतं."

आज दुपारी ह्यांनी फोन ताटाशेजारी ठेवला. दोन शब्द लिहिले, पुसले. मग गिऱ्हाईक आलं म्हणून खाली गेले. फोन घेऊन गेले. मी फालसे निवडायला बसले आहे, गाडीवाला म्हणाला ह्या आठवड्यात संपतील. उद्या दुपारी परत विचारणार आहे.